खाजगी कॉलेजांतलीं मुलें

बारावीचे आणि प्रवेशपरीक्षांचे निकाल लागले कीं, रावेरसारख्या तालुक्याच्या गांवींसुद्धां महिना-दीड महिना बोलण्याला दुसरा विषय नसतो. कोणाला किती गुण पडले येथून बोलण्यास आरंभ होतो आणि कोणाला कोठें प्रवेश मिळाला येथें तें येऊन थांबतें. सरकारी महाविद्यालयाचें नांव निघालें तर ऐकणाराची मान समाधानानें हलते. खाजगी महाविद्यालयाचें नांव निघालें तर क्षणभर कोणी बोलत नाहीं, आणि मग कोणीतरी हळूच विचारतो, "किती भरावे लागले?" या प्रश्नांत मुलाच्या अभ्यासाची, आवडीची किंवा पुढील बेताची चौकशी मुळींच नसते, उत्तर आधींच ठरलेलें असतें. खाजगी कॉलेजांतला मुलगा म्हणजे बापाच्या पैशावर शिकणारा, बुद्धीनें बेताचा, राहणींत उधळा, आणि पदवी हातीं पडली तरी कामाला कच्चा. मुलगी असेल तर ती लग्न ठरेपर्यंत वेळ काढणारी. हें चित्र इतकें सर्वमान्य झालें आहे कीं, तें खरें किती आणि खोटें किती, असें विचारण्याचें कोणाच्या मनांतहि येत नाहीं.

आपल्या घरांतून हा समज विशेष खोल रुजला आहे, आणि त्याचें कारण शोधण्यास दूर जावें लागत नाहीं. ज्या घरांना जमीन नव्हती, दुकान नव्हतें, त्यांनीं दोन-तीन पिढ्या परीक्षांवर काढल्या. गुण हीच आपली ठेव, आणि गुणांवांचून मिळालेली जागा ही कोणाची तरी हिरावून घेतलेली जागा, असें आपण मुलांना सांगत आलों. या शिकवणींत वाईट कांहीं नाहीं. परंतु तिच्यापायीं एका फार मोठ्या वर्गाविषयीं न पाहतां, न विचारतां आपण मत बनवीत असूं, तर तें मत एकदां तपासून पाहणें हेंहि सुशिक्षितपणाचेंच काम आहे. कारण हें मत ओट्यावरच्या गप्पांपुरतें राहत नाहीं. त्याच्या आधारानें स्थळें नाकारलीं जातात, नोकरीचे अर्ज बाजूला सारले जातात, आणि अठरा वर्षांचें मूल स्वतःलाच कमी लेखूं लागतें.

प्रथम 'खाजगी' हा शब्दच घेऊं. महाराष्ट्रांत खाजगी कॉलेज ही कांहीं नवी वस्तु नव्हे, आणि आरंभीं तिचा लौकिक आजच्या अगदीं उलट होता. १८८० सालीं पुण्यांत न्यू इंग्लिश स्कूल निघालें, १८८४ सालीं डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १८८५ सालीं तिनें फर्ग्युसन कॉलेज उघडलें. सरकारी कॉलेज होतें तें डेक्कन कॉलेज. टिळक व आगरकर दोघेहि त्या सरकारी कॉलेजांत शिकले आणि बाहेर पडून त्यांनीं खाजगी संस्था उभारली. संस्थेचे आजीव सभासद अल्प वेतनावर वीस वर्षें शिकविण्याचें वचन देत. गोपाळ कृष्ण गोखले त्यांपैकींच एक होते. त्या काळीं खाजगी कॉलेज म्हटलें कीं लोकांच्या डोळ्यांपुढें त्याग उभा राही. आपल्यापैकीं कित्येकांचे आजे-पणजे खाजगी कॉलेजांतच शिकले, आणि त्यांनीं तें अभिमानानें सांगितलें.

मग त्या वेळचा 'खाजगी कॉलेजांतला विद्यार्थी' कसा होता म्हणावयाचा? रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे फर्ग्युसनचे विद्यार्थी. १८९९ सालीं ते केंब्रिज येथें सीनिअर रँग्लर झाले आणि परत येऊन आपल्याच कॉलेजचे प्राचार्य झाले. १९०५ सालीं विदेशी कपड्यांची होळी केल्याबद्दल याच कॉलेजांतील विनायक दामोदर सावरकर या विद्यार्थ्यास दंड झाला आणि वसतिगृह सोडावें लागलें. तेव्हां प्राचार्यांच्या खुर्चीवर परांजपेच होते. दंड करणारा आणि दंड भरणारा दोघेहि एकाच खाजगी कॉलेजचे. एक नेमस्त, दुसरा क्रांतिकारक. यांपैकीं नमुना कोणता मानावयाचा, हें ज्याला सांगतां येईल त्यानेंच आजच्या मुलांविषयीं सरसकट बोलावें.

खानदेशांतहि उच्च शिक्षणाचा पाया खाजगी प्रयत्नांनींच घातला. अमळनेरचें प्रताप कॉलेज श्रीमंत प्रतापशेठ यांच्या औदार्यानें उभें राहिलें. जळगांवचें मूळजी जेठा कॉलेजहि १९४५ च्या सुमारास असेंच लोकांच्या देणगीवर उभें राहिलें. त्यापूर्वीं १९२४ ते १९३० पर्यंत साने गुरुजींनीं अमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत शिकविलें, तें हायस्कूलहि सरकारी नव्हे. रावेर तालुक्यांतील खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी यांच्या नांवाचें महाविद्यालय १९६१ सालीं फैजपुरास निघालें, आणि पुढें रावेरांतहि कला, वाणिज्य व विज्ञान यांचें महाविद्यालय झालें. हीं सर्व महाविद्यालयें संस्थांनीं काढलेलीं, म्हणजे खाजगीच आहेत. मात्र तीं अनुदानित आहेत, म्हणजे प्राध्यापकांचे पगार मुख्यतः सरकारी तिजोरींतून होतात, आणि म्हणून मुलांना फी थोडी पडते. आसपासच्या खेड्यांतून एस. टी. नें येणारीं, घरचें काम उरकून तासाला बसणारीं मुलें-मुली येथें शिकतात. त्यांना कोणी "किती भरले?" म्हणून विचारीत नाहीं. यावरून इतकें तरी उघड होतें कीं, आपला राग खाजगी या शब्दावर नाहीं; तो दुसऱ्याच कशावर तरी आहे.

तें दुसरें कांहीं १९८३ सालीं आलें. तोंपर्यंत महाराष्ट्रांत अभियांत्रिकीचीं महाविद्यालयें हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीं होतीं. पुण्याचें सर्वांत जुनें, मुंबईचें व्हिक्टोरिया ज्युबिली, सांगलीचें वालचंद, अशीं कांहीं नांवें सांगितलीं कीं यादी संपत येई. शिकूं इच्छिणारीं मुलें वाढत गेलीं, जागा वाढेनात. ज्यांच्या घरीं ऐपत होती तीं मुलें पैसे भरून कर्नाटकांत जात. महाराष्ट्राचा पैसा आणि मुलें बाहेर जातात, तर इथेंच संस्था कां काढूं नयेत, असा विचार होऊन वसंतदादा पाटील यांच्या मंत्रिमंडळानें विनाअनुदानित महाविद्यालयांना परवानगी दिली. सरकार पैसा देणार नाहीं, संस्थेनें तो उभा करावा, असा तो करार होता. अर्थात् तो पैसा कोठून तरी येणें भागच होतें. पुष्कळ ठिकाणीं तो प्रवेशाच्या वेळीं पालकांकडून घेण्यांत आला आणि त्याला 'देणगी' असें गोड नांव पडलें. गुण कमी पण देणगी मोठी, अशा वाटेनें मुलें आंत गेलीं, हें खोटें नाहीं. 'डोनेशनवाला' हा शब्द मराठींत तेव्हां रूढ झाला, आणि त्या काळापुरता तो निराधार नव्हता.

येथपर्यंत समजाच्या बाजूनें साक्ष मिळाली. परंतु ती साक्ष कशाबद्दल आहे तें नीट पाहावें. ती प्रवेशाच्या दाराबद्दल आहे. दार कसें होतें, तेथें कोण उभा होता आणि तो काय मागत होता, हें ती सांगते. दारांतून आंत गेलेल्या प्रत्येक मुलाची बुद्धि कशी होती, हें ती सांगत नाहीं. शिवाय दार पुढें तसेंच राहिलें नाहीं.

देणगी घेण्यास मनाई करणारा महाराष्ट्राचा कायदा १९८७ सालचा आहे. कायदा झाला म्हणून व्यवहार एका दिवसांत थांबला नाहीं, हें सर्वांस ठाऊक आहे. १९९२ सालीं मेरठच्या मोहिनी जैन हिच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें अशी देणगी बेकायदा ठरविली; कर्नाटकांतल्या एका वैद्यकीय महाविद्यालयानें मागितलेली भरमसाट फी हें त्या खटल्याचें मूळ होतें. १९९३ सालीं उन्नीकृष्णन खटल्यांत न्यायालयानें निम्म्या जागा सरकारी फींत आणि निम्म्या जास्त फींत, पण दोन्हीहि गुणानुक्रमें, अशी योजना घालून दिली. ती योजना २००२ सालीं अकरा न्यायाधीशांच्या पीठानें टी. एम. ए. पै खटल्यांत मोडली, आणि २००५ सालीं इनामदार खटल्यांत सात न्यायाधीशांनीं पुन्हां स्पष्ट केलें कीं, संस्था खाजगी असली तरी प्रवेश पारदर्शक व गुणांवरच असले पाहिजेत, आणि देणगी घेतां येणार नाहीं. महाराष्ट्रानें २०१५ सालीं विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांचे प्रवेश व शुल्क यांच्यासाठीं स्वतंत्र कायदा केला. तेव्हांपासून बहुतेक जागा राज्याच्या सामायिक परीक्षेच्या गुणांवर मध्यवर्ती प्रक्रियेनें भरल्या जातात, आणि फी किती असावी हें शुल्क नियामक प्राधिकरण ठरवितें. थोड्या जागा संस्थेच्या हातीं राहतात, आणि संशयाला जागा उरते ती मुख्यतः तेवढ्यापुरतीच.

याहून मोठा बदल बाजारानें घडविला. गेल्या दहा-पंधरा वर्षांत अभियांत्रिकीच्या जागा इतक्या झाल्या कीं, अनेक महाविद्यालयांत त्या रिकाम्या राहूं लागल्या आणि कित्येक संस्थांनीं आपले वर्ग बंद केले. जेथें जागा रिकामी आहे तेथें ती मिळविण्यासाठीं देणगी कोण देईल? तेव्हां जो आरोप १९८५ सालीं पुष्कळ अंशीं खरा होता, तोच २०२५ सालीं अभियांत्रिकीच्या बहुसंख्य मुलांवर करणें म्हणजे बापाच्या वेळच्या उधारीची वही मुलाच्या नांवानें चालविण्यासारखें आहे. वैद्यकीय शिक्षणांत खाजगी जागांची फी आजहि डोळे पांढरे करणारी आहे, हें कबूल केलें पाहिजे; परंतु तेथेंहि देशव्यापी परीक्षेंत पात्र ठरल्यावांचून कोणास आंत जातां येत नाहीं.

आतां रावेरच्या मुलाकडे वळूं. जळगांव जिल्ह्यांत बांभोरी आणि फैजपूर येथें अभियांत्रिकीचीं विनाअनुदानित महाविद्यालयें १९८३ सालीं निघालीं. जळगांवचें शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९९६ सालचें. म्हणजे तेरा वर्षें या जिल्ह्यांतील ज्या मुलाला घराजवळ राहून अभियंता व्हावयाचें होतें, त्याच्यापुढें सरकारी आणि खाजगी अशी निवडच नव्हती. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तर जळगांवास २०१८ सालीं सुरू झालें. अशा ठिकाणीं खाजगी कॉलेजांत जाणें हा आवडीनिवडीचा किंवा ऐपतीचा प्रश्न नसून अंतराचा प्रश्न होता. मुलींच्या बाबतींत तर तो आजहि आहे. पुण्याच्या सरकारी महाविद्यालयांत प्रवेश मिळण्याइतके गुण असूनहि, "मुलगी एवढ्या दूर कोठें ठेवावयाची?" या एका वाक्यासरशीं ती फैजपूरला किंवा भुसावळला शिकते. पुढें तिच्या अर्जावर कॉलेजचें नांव वाचून कोणी नाक मुरडतो, तेव्हां तो वस्तुतः तिच्या बुद्धीचें माप काढीत नसतो. तिच्या आईबापांच्या धास्तीचें काढीत असतो.

पैशाच्या समजाचेंहि तेंच आहे. रावेर-यावल भाग केळीचा. केळी म्हणजे रोकड, आणि केळीवाल्याचा मुलगा म्हणजे पैशांत लोळणारा, असें जळगांवच्या बाहेर सर्रास मानतात. रावेरच्या माणसाला मात्र ठाऊक असतें कीं, लागवडीपासून घड हातीं येईपर्यंत वर्ष लोटतें, तितके दिवस पाणी, खत आणि मजुरी यांचा खर्च चालूच राहतो, आणि मे-जूनमधील एका संध्याकाळच्या वादळानें उभी बाग आडवी होते. वादळ चुकलें तर करपा किंवा मोझॅक यांसारखा रोग गांठतो. तोहि चुकला तर ऐन कापणीच्या वेळीं भाव पडतो. ज्या वर्षीं बाग पडली त्या वर्षींहि कॉलेजची फी ठरल्या तारखेस भरावी लागते. ती मग सोसायटीच्या किंवा बँकेच्या कर्जांतून भरली जाते, कधीं घरांतलें सोनें गहाण पडतें. बाहेरच्यांच्या नजरेंतील 'श्रीमंत बापाचा मुलगा' हा पुष्कळदां कर्जाचा हप्ता मनांत मोजीत वर्गांत बसलेला असतो. शिवाय शिष्यवृत्त्या व शुल्कसवलती आहेतच. २०२४ सालच्या जुलैमध्यें सरकारनें आठ लाखांच्या आंत उत्पन्न असणाऱ्या इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल अशा घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचें शुल्क पूर्ण माफ केलें. म्हणून आज खाजगी कॉलेजांतील एखाद्या वर्गांत शेजारीशेजारी बसलेल्या तीन मुलींपैकीं एकीनें पूर्ण फी भरलेली, दुसरीनें निम्मी, आणि तिसरीनें मुळींच न भरलेली, असें सहज असूं शकतें. चेहऱ्यावरून तें ओळखतां येत नाहीं; कॉलेजच्या नांवावरून तर मुळींच नाहीं.

या समजाची आणखी एक गंमत आहे. रावेरांत जो मुलगा 'पैसेवाला, शहरी थाटाचा' म्हणून ओळखला जातो, तोच मुलगा पुण्यास मुलाखतीला गेला कीं 'फैजपूरकडचा, गांवठी, इंग्रजीला कच्चा' ठरतो. मुलगा एक, कॉलेज एक, पदवी एक. ठपके मात्र परस्परविरुद्ध. एकाच वस्तूविषयीं दोन ठिकाणीं दोन उलट वर्णनें होतात, तेव्हां वर्णन करणारे वस्तूकडे पाहत नसून आपापल्या जागेकडे पाहत आहेत, असेंच म्हणावें लागतें.

माणसाचें मन असें कां वागतें याचा अमेरिकेंत शास्त्रीय रीतीनें शोध झाला आहे, आणि त्यांतील एक प्रयोग तर आपल्या विषयाशीं नेमका जुळणारा आहे. प्रिन्स्टन हें खाजगी विद्यापीठ, आणि त्याच्या जवळचें रटगर्स हें राज्याचें. क्वाट्रोन व जोन्स या दोन मानसशास्त्रज्ञांनीं दोन्हीकडील विद्यार्थ्यांना चित्रफितींवर एकेक विद्यार्थी दाखविला. तो दोन पर्यायांतून एकाची निवड करी, जसें एकट्यानें वाट पाहत बसावें कीं चारचौघांत. तो कोणत्या विद्यापीठाचा हें सांगून विचारलें कीं, त्याच्या विद्यापीठांतील किती मुलें असेंच करतील? १९८० सालीं प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांत असें दिसलें कीं, चित्रांतील मुलगा परक्या विद्यापीठाचा असला तर पाहणारा त्या एकावरून सर्वांविषयीं अधिक ठामपणें अनुमान करतो. आपल्या विद्यापीठाचा असला तर मात्र 'आमच्याकडे सर्व प्रकारचीं मुलें आहेत' याची त्याला आठवण असते. म्हणजे आपल्यांमध्यें आपण माणसें पाहतों आणि परक्यांमध्यें नमुने पाहतों. खाजगीवाले सरकारीवाल्यांविषयीं, आणि सरकारीवाले खाजगीवाल्यांविषयीं, दोघेहि यांतून सुटलेले नाहींत.

याहून जुनें उदाहरण १९३६ सालचें आहे. कॅलिफोर्नियांतील फ्रेस्नो परगण्यांत आर्मेनियन लोकांविषयीं तीन गोष्टी सर्वतोमुखीं होत्या: ते व्यवहारांत लबाड आहेत, धर्मादायावर जगतात आणि सदा कोर्टकचेऱ्यांत गुंतलेले असतात. लापिएर या समाजशास्त्रज्ञानें मतें विचारीत न बसतां दप्तरें काढून पाहिलीं. उधारीच्या नोंदींत त्यांची पत इतरांइतकीच चांगली निघाली, धर्मादायाकडे ते इतरांपेक्षां कमी गेलेले आढळले, आणि खटल्यांतहि त्यांचें प्रमाण कमीच दिसलें. तेव्हां 'सगळेच म्हणतात, म्हणजे कांहीं तरी असेलच' हा आपला आवडता युक्तिवाद दप्तरापुढें टिकेलच असें नाहीं.

मात्र प्रत्येक समज खोटाच असतो असें म्हणणें हेंहि आळसाचेंच लक्षण होय. गुणानुक्रमाच्या पद्धतींत कमी फीच्या व नांवाजलेल्या जागा आधीं भरतात, हें साहजिक आहे. म्हणून जेथें जागा शेवटपर्यंत रिकाम्या राहतात, त्या महाविद्यालयांत प्रवेशाच्या वेळचे सरासरी गुण कमी असणार, यांत नवल नाहीं. पण सरासरी ही वर्गाची असते, मुलाची नसते. अशा वर्गांतलीं कित्येक मुलें नांवाजलेल्या कॉलेजांतील कित्येकांच्या पुढें असतात, कारण कोणी अंतरामुळें, कोणी आजारीपणामुळें, कोणी हवी ती शाखा मिळावी म्हणून तेथें आलेला असतो. शिवाय प्रवेशाचे गुण सतराव्या-अठराव्या वर्षाचे. पदवी येते ती चार वर्षांनंतर. मधल्या काळांत माणूस बदलत नाहीं असें मानावयाचें असेल, तर महाविद्यालयें तरी कशाला हवींत?

अमेरिकेंतच डेल आणि क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनीं २००२ सालीं एक पाहणी प्रसिद्ध केली. ज्या मुलांना साधारण सारख्याच महाविद्यालयांनीं प्रवेश देऊं केला होता, त्यांपैकीं कांहीं नामांकित ठिकाणीं गेलीं, कांहीं कमी नांवाच्या ठिकाणीं. वीसएक वर्षांनीं त्यांच्या कमाईंत सरासरीनें म्हणण्यासारखा फरक दिसला नाहीं. गरीब घरांतील मुलांना मात्र चांगल्या महाविद्यालयाचा खरा फायदा झालेला दिसला. तेथील निष्कर्ष आपल्याकडे जसाचा तसा लावणें धाडसाचें होईल. तरी त्यांतून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत: धडपड्या मुलाचें भवितव्य कॉलेजच्या पाटीनें ठरत नाहीं, आणि ज्याला घरचा आधार नाहीं, त्याला मात्र चांगलें शिकविणारें कॉलेज मिळणें फार महत्त्वाचें असतें.

आणि आपल्या समजांतील सर्वांत खरा भाग येथेंच आहे. अनेक विनाअनुदानित महाविद्यालयांत प्राध्यापक तुटपुंज्या पगारावर, वर्षावर्षाच्या कराराने राबतात आणि बरी जागा मिळतांच निघून जातात. कोठें प्रयोगशाळा तपासणीच्या दिवसापुरती सजते, कोठें हजेरी कागदावरच पूर्ण होते. हे दोष खरे आहेत. पण हे दोष कोणाचे? संस्था चालविणारांचे, आणि तपासणारांचे. विद्यार्थी हा त्या दोषांचा कर्ता नसून त्यांचा भोक्ता आहे. भेसळीचें तेल विकणारा सोडून तें विकत घेणाऱ्यालाच आपण नांवें ठेवूं कां? इथें मात्र आपण नेमकें तेंच करतों. संस्थेच्या समारंभांत पहिल्या रांगेंत बसतों आणि तिच्या विद्यार्थ्याची पदवी पाहून हंसतों.

सरसकट नांवें ठेवण्याचा व्यवहारहि आतां शक्य राहिलेला नाहीं. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणाच्या २०२१-२२ च्या अहवालाप्रमाणें देशांतील दर पांच महाविद्यालयांपैकीं जवळजवळ चार खाजगी व्यवस्थापनाचीं आहेत, आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपैकीं सुमारें दोन तृतीयांश त्यांत शिकतात. दोन तृतीयांश तरुण पिढीला लागू पडणारें विशेषण हें विशेषणच राहत नाहीं.

शेवटीं आपल्या स्वतःच्या घरांतील एक गोष्ट बोलल्यावांचून हा विषय पुरा होणार नाहीं. आपल्याकडे खाजगी कॉलेजाचा हिशेब दोन वह्यांत चालतो. स्वतःचा मुलगा गेला तर 'अर्ध्या गुणानें जागा हुकली, काय करणार', 'व्यवस्थाच अशी आहे', 'त्याला हवी ती शाखा तिथेंच होती'. शेजाऱ्याचा मुलगा गेला तर 'पैसे भरले'. आपल्या मुलाची प्रत्येक अडचण आपल्याला तपशिलानें ठाऊक असते. दुसऱ्याच्या मुलाचें फक्त कॉलेजचें नांव ठाऊक असतें. म्हणून आपल्यापाशीं एकासाठीं कारणें असतात आणि दुसऱ्यासाठीं समज असतो. शेजाऱ्याच्या घरींहि तितकीच कारणें असतील, इतकें जरी आपण धरून चाललों, तरी या समजाचा मोठा भाग आपोआप गळून पडेल.

मग चौकशी करूंच नये काय? अवश्य करावी. मुलीसाठीं स्थळ पाहतांना किंवा दुकानांत, कारखान्यांत माणूस घेतांना चौकशी हवीच. परंतु ती मुलाची असावी. त्यानें ही शाखा कां घेतली. शेवटच्या वर्षीं कोणतें काम स्वतःच्या हातानें केलें. तें काम समोर बसून समजावून सांगतां येतें कां. कोणत्या शिक्षकाचें नांव तो आदरानें घेतो आणि कां. सुट्यांत काय करीत होता. फीचें कर्ज असेल तर तें फेडण्याचा त्याचा बेत काय. अशा पांच-सहा प्रश्नांत मुलाची जितकी ओळख पटते तितकी कॉलेजच्या पाटीवरून कधींच पटत नाहीं. सरकारी कॉलेजांतल्या मुलालाहि हेच प्रश्न विचारावे. तेथेंहि उत्तर न देतां येणारे पुष्कळ आढळतील.

संस्थेची चौकशी करावयाची ती वेगळी, आणि ती प्रवेशापूर्वीं करावी. किती प्राध्यापक कायम आहेत, ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडें असतें, मागल्या वर्षीं उत्तीर्ण झालेलीं मुलें आज कोठें आहेत, पावतीवांचून एखादा रुपया मागतात काय, हें पालकांनीं स्वतः जाऊन पाहावें. पावतीवांचून मागितलेला रुपया देऊं नये आणि तक्रार करावी. कायदा त्यासाठींच आहे. देणारे देत राहिले तर घेणारे घेत राहणार, आणि त्याचा डाग न देणाऱ्या मुलांच्या कपाळीं लागणार.

आपल्या या भागाच्या विद्यापीठाला २०१८ पासून बहिणाबाई चौधरींचें नांव आहे. असोद्यांत जन्मलेल्या आणि जळगांवच्या शेतांत आयुष्य काढलेल्या या बाईनें शाळेचें तोंड पाहिलें नव्हतें, तिला अक्षरहि गिरवितां येत नव्हतें. या भागांतील अनुदानित, विनाअनुदानित अशा पुष्कळ मुलांच्या पदवीपत्रावर आतां तेंच एक नांव असतें. तें पदवीपत्र हातीं घेऊन एखादें मूल आपल्याकडे येईल, तेव्हां "किती भरले?" हें न विचारतां "काय शिकलास?" असें आपण विचारावें. उत्तर चांगलें असेल तर त्याला पुढें येऊं द्यावें. नसेल तर तसें त्याला स्पष्ट सांगावें. दोन्ही गोष्टींत त्याचा मान राहील.